फुटेल! जपून!

मित्रांनो, भोपळ्याच्या जातीत म्हातारपण फार थोड्यांच्या वाट्याला येते. बहुतेकांची भाजी होते, उरलेल्यांचे घारगे होतात. मी मात्र चांगला म्हातारा झालो आहे. ग्वाल्हेरला लष्कर भागात एका माडीवरच्या खोलीत मी कोपऱ्याला टेकून उभा असतो. माझ्या गळ्यातून एक लांब लाकडी दांडी वर गेली आहे, पोटावर लाकडाची तबली बसवली आहे आणि तिच्यावरून चार तारा ताणल्या आहेत. लोक मला तंबोरा म्हणतात. मी मुळातला भोपळा, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. आणि याच शहराने एका दुपारी मला बॉम्ब ठरवले होते, हे तर आता फारच थोड्यांना ठाऊक आहे.

मी भीमेच्या काठी एका मळ्यात जन्मलो. आमची जात कडू. एकदा एका गाईने कुंपणातून मान घालून माझ्या शेजारच्या भावाचा चावा घेतला आणि असे काही तोंड केले, की पुन्हा ती त्या कुंपणाकडे फिरकली नाही. कडूपणाचा आम्हाला तेवढा उपयोग. मळ्याच्या मालकाने माझ्याखाली पेंढा पसरला. मी एका अंगाने चपटा होऊ नये म्हणून तो मला अधूनमधून हलक्या हाताने फिरवी. वेल सुकला तरी त्याने मला उन्हात तसेच राहू दिले. हळूहळू माझी साल लाकडासारखी कठीण झाली, आतला गर वाळला आणि बिया मोकळ्या झाल्या. मला हलवले की त्या खुळखुळ वाजत. या आवाजाचा मला तेव्हा मोठा अभिमान होता. पुढे तोच माझ्या अंगाशी आला.

मिरजेच्या एका तंबोरे करणाऱ्या कारागिराने मला बोटाने ठोकून पाहिले, कान लावला आणि घरी नेले. त्याच्या माळ्यावर मी पडून होतो. मग ग्वाल्हेरहून मागणी आली. तिथे विजयाबाई नावाच्या गाणाऱ्या बाई राहत होत्या. एका माकडाने खिडकीतून आत येऊन त्यांचा तंबोरा ढकलून दिला होता. दांडी वाचली, तबली वाचली, भोपळा तेवढा फुटला. नवा भोपळा बसवून द्यायला लष्करातला एक कारागीर तयार होता, पण एवढ्या मोठ्या घेराचा पक्का भोपळा त्या बाजूला मिळेना.

विजयाबाईंना घाई होती. त्यांच्या गुरुजींच्या पुण्यतिथीला दरवर्षी गुरुजींच्या घरी गाणे होई. गवई मंडळी गात आणि विजयाबाई आतल्या खोलीत बायकांत बसून ऐकत. बाईने चार पुरुषांसमोर बसून गाणे ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. त्या वर्षी मात्र गुरुजींच्या मुलाने स्वतः येऊन सांगितले होते, "विजयाताई, या खेपेला तुम्ही गायचं." विजयाबाईंचे केस पांढरे झाले होते. वरचा षड्ज कधी लागे, कधी लागत नसे. पुढच्या वर्षी आवाज राहील की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. दुसऱ्या कोणाचा तंबोरा मागावा, तर त्या दिवशी गावातले सगळे तंबोरे गवयांनाच लागत.

म्हणून कारागिराने मला पेंढ्यात गुंडाळले, गोणपाटात शिवले आणि रेल्वेने रवाना केले. माझा देठ गोणपाटातून थोडा वर आला होता. त्याला त्याने सुतळीची गाठ मारली आणि सुतळीचे टोक तसेच लोंबते ठेवले. मग काळ्या शाईने मोठ्या अक्षरांत लिहिले: "फुटेल! जपून!" खाली पत्ता घातला: मुकुंदराव मास्तर, लष्कर, ग्वाल्हेर. हे मुकुंदराव विजयाबाईंचे भाचे. ते शाळेत शिकवत आणि आत्याच्याच घरी राहत. आवाज इतका बारीक, की वर्गातल्या मागच्या दोन रांगांना त्यांनी काय शिकवले ते वर्षाच्या शेवटी कळे.

मित्रांनो, त्या हिवाळ्यात दिल्लीला मिरवणुकीत बॉम्ब पडला होता. ती बातमी अजून ताजी होती. बॉम्ब कसा दिसतो हे कोणालाच माहीत नव्हते, पण तो गोल असतो यावर सगळ्यांचे एकमत होते. त्यातच कोणी बडे साहेब शिकारीसाठी ग्वाल्हेरला यायचे होते. पोलिसांना सक्त हुकूम होते, की डोळ्यांत तेल घालून राहा. अशा दिवसांत मी गाड्या बदलत बदलत ग्वाल्हेर स्टेशनावर उतरलो.

पार्सलबाबू चौबेजींनी मला उचलले. मी खुळखुळलो. त्यांनी मला ताबडतोब खाली ठेवले. मग दोन पावले मागे जाऊन माझ्यावरची अक्षरे वाचायचा प्रयत्न केला. अक्षरे ओळखीची होती, पण शब्द मराठी. शेवटी त्यांनी स्टेशनासमोरच्या पडाव भागातल्या चौकीवरून सूर्याजी जमादारांना बोलावून घेतले.

सूर्याजींचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनेतून आलेले. अंगाने दणकट, मिशा भरघोस. घरी मराठी बोलत, चौकीवर हिंदी, आणि घाई असली की दोन्ही एकदम.

"जमादारसाब, ये तो आपकी जबान है. क्या लिखा है?" चौबेजींनी विचारले.

सूर्याजींनी लांबूनच वाचले. "फुटेल."

"मतलब?"

"मतलब... फूटेगा."

चौबेजींचा चेहरा पांढरा पडला. "कब?"

"ते नाही लिहिलं."

"और उसके आगे?"

"जपून. म्हणजे, संभाल के."

"देखिये! भेजनेवाला खुद डरा हुआ है!" चौबेजी आणखी मागे सरले. "आया कहाँ से है?"

"मिरजेहून. दख्खनमें आहे. पूना के भी पलीकडे."

पुण्याचे नाव निघाले मात्र, आणि तिथे जमलेल्या हमालांतला एक जण ओरडला, "अरे, वो देखो, बत्ती!" त्याचा हात माझ्या देठावरच्या सुतळीकडे होता. ती त्याला बॉम्बची वात वाटली.

मी त्या वेळी जिवाच्या आकांताने सांगितले असते, की मी भोपळा आहे. पण मला तोंड नव्हते. होत्या त्या बिया, आणि त्या वाजल्या असत्या तर लोक आणखी पळाले असते.

बघता बघता फलाट रिकामा झाला. स्टेशनात उभी असलेली आग्र्याची गाडी स्टेशनमास्तरांनी वेळेआधी सोडून दिली. त्या गाडीच्या बाबतीत असे पहिल्यांदाच घडले होते, त्यामुळे निम्मे उतारू चहा पीत मागेच राहिले. बातमी पडावावरून इंदरगंजला गेली, तेव्हा एका बॉम्बचे तीन झाले होते. इंदरगंजच्या चौकात एका नारळवाल्याला गाठून शिपायांनी त्याचे सगळे नारळ फोडायला लावले. आतून पाणी निघाले, खोबरे निघाले. तपास पुरा होईपर्यंत शिपाई खोबरे खात होते. टोपी बाजारात बातमी पोहोचली, तेव्हा स्टेशन उडाले होते. दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्या. एक गिऱ्हाईक मापासाठी डोक्यावर चढवलेली जरीची टोपी तशीच घेऊन पळाले. त्याच्यामागे दुकानदार पळाला. ते दोघे पळताना पाहून बाकीच्यांना वाटले, बॉम्ब मागे लागला आहे. मग सगळा बाजारच पळाला.

हे सारे मला पुढे मुकुंदरावांच्या तोंडून कळले. त्यांना शिपायांनी भर वर्गातून उचलले आणि पडावावर आणले. तिथे धर्मशाळेच्या गच्चीवर कोतवालसाहेब उभे होते. तिथून सगळे नीट दिसते, असे ते म्हणत. शिवाय तिथून मी पुष्कळ लांब होतो. ते पत्र्याच्या कर्ण्यातून बोलत.

"मास्टर! पार्सल में क्या है?"

मुकुंदरावांची हिंदी एरवी उत्तम. पण त्या क्षणी ती पार पळून गेली. "साहेब, भो... भोपळा!"

"ये भोपला क्या होता है?" कर्ण्यातून प्रश्न आला. खाली एक शिपाई दुसऱ्याला हळूच म्हणाला, "कोई नया किसम का होगा." मराठी कळणारे सूर्याजी तेव्हा स्टेशनात माझ्यावर पहारा करत होते, म्हणून मुकुंदरावांच्या दोन्ही हातांना दोरी पडली.

कोतवालसाहेबांनी हुकूम सोडला, की वस्तू पाण्यात बुडवा. पडावावर टांग्यांच्या घोड्यांसाठी एक मोठा दगडी हौद होता. पण स्टेशनातून मला उचलून तिथवर न्यायचे कोणी? शिपायांनी एकमेकांकडे पाहिले. एकाचे पोट दुखू लागले. एकाला घरून बोलावणे आल्याचे आठवले.

सूर्याजींनी डोक्यावरचे पागोटे काढले आणि एका शिपायाच्या हातात दिले. "घरी द्या," एवढेच म्हणाले. सगळ्यांना लांब पिटाळले, चौबेजींना खोलीतून हाकलले आणि एकटे माझ्याजवळ येऊन गुडघ्यांवर बसले.

मित्रांनो, मला आयुष्यात पुष्कळांनी उचलले. मळेवाल्याने, कारागिराने, हमालांनी, पुढे गाणाऱ्यांनी. पण त्या दिवशी सूर्याजींनी जसे उचलले, तसे कोणी नाही. तान्हे मूल पाळण्यातून काढावे तसे त्यांनी दोन्ही तळवे माझ्याखाली घातले. तरी पावलागणिक माझ्या बिया वाजत होत्या. बिया वाजल्या की ते थांबत, डोळे मिटत, आणि काही झाले नाही की पुन्हा चालू लागत. रिकाम्या रस्त्यावर आम्ही दोघेच होतो. ते माझ्याशी हळू आवाजात बोलत होते.

"बाबा रे, थोडा थांब. त्या हौदापर्यंत थांब, मग काय करायचं ते कर. आमच्या घराण्यात लोक लढाईत मेले रे, तलवार हातात घेऊन. मी पार्सलनं मरणार. सोयरे विचारतील, कसे गेले? तर सांगावं लागेल, पार्सल आलं होतं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "निदान मिशीला तरी काही होऊ देऊ नको."

मला हसू येत होते आणि वाईटही वाटत होते. त्यांच्या कपाळावरचा घाम गोणपाटावर टपटप पडत होता.

हौदाशी आल्यावर त्यांनी मला अलगद पाण्यात सोडले आणि मी तरंगलो.

आता भोपळा दुसरे करणार तरी काय? आमच्याकडे पोरांना पोहायला शिकवताना कमरेला भोपळा बांधतात, ते काही उगाच नाही. पण गच्चीवरून कर्णा ओरडला, "डुबाओ! डुबाओ उसको!" सूर्याजींनी मला दोन्ही हातांनी खाली दाबले. हात काढताच मी वर आलो. त्यांनी बांबू आणला आणि बांबूने दाबले. मी बांबूखालून निसटलो आणि उसळी मारून भिरभिर फिरलो. लांब उभी असलेली गर्दी किंचाळत आणखी लांब गेली. "डूबता क्यों नहीं?" असे कोतवालसाहेबांनी विचारले. सूर्याजींनी घाम पुसत उत्तर दिले, "मानत नाही, सरकार!"

तेवढ्यात एक घोडा आला. त्याचा टांगेवाला पहिल्याच आरोळीला पळाला होता आणि तो बिचारा तहानलेला होता. त्याने टांग्यासकट हौदाशी येऊन पाणी प्यायले. मग त्याला मी दिसलो. भिजून माझे गोणपाट उसवले होते आणि आतला पेंढा बाहेर आला होता. घोड्याने माझा वास घेतला आणि शांतपणे माझ्या अंगावरचा पेंढा खायला सुरुवात केली.

सगळा पडाव लांबून पाहत होता. घोडा बॉम्ब खात होता. पेंढा संपत आला, माझी पिवळी पाठ उघडी पडली, आणि घोड्याने ती एकदा जिभेने चाटून पाहिली. मी कडू असल्याचे त्याला लगेच कळले. तो फुरफुरला.

"अगंबाई! माझा तुंबा! याला पाण्यात कोणी टाकलं?"

हा आवाज विजयाबाईंचा होता. भाचा बॉम्बसकट पकडला गेल्याचे ऐकून त्या इंदरगंजापासून पायी आल्या होत्या, कारण रस्त्यावर एकही टांगा उरला नव्हता. शिपाई अडवायला गेला तशी त्या म्हणाल्या, "बाजूला हो रे," आणि तो झाला. सूर्याजी मात्र हात पसरून आडवे आले.

"बाई, पुढं येऊ नका! फुटेल!"

"फुटेलच! उंचावरून पडला तर फुटणार नाही का? म्हणून तर लिहिलंय जपून!"

सूर्याजींनी माझ्याकडे पाहिले. मग बाईंकडे पाहिले. "म्हणजे... आपोआप नाही फुटणार?"

"अहो जमादार, भोपळा आहे तो. तंबोऱ्याचा." विजयाबाईंनी हौदाच्या काठावर बसून मला ओढून घेतले, पदराने पुसले, बोटाच्या पेराने ठोकले आणि कान लावला. मी घुमलो. त्या दगदगीतही त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले. "चांगला बोलतोय," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

गर्दीत पहिल्यांदा एक जण हसला, मग सगळेच. पण कर्णा हसला नाही. "आवाज अंदर से आ रही है! दो टुकड़े करो उसके! कुल्हाडी लाओ!"

आता मात्र माझ्या बिया खरोखर आपोआप वाजल्या असत्या. कुऱ्हाड बसली असती तर माझा तंबोराही झाला नसता आणि भाजीही नाही. विजयाबाईंनी मला दोन्ही हातांनी कवटाळले. "याचे तुकडे केलेत तर या वर्षी मी गाणार कशावर? आणि पुढच्या वर्षी गाणार कशानं?" त्यांचा आवाज एकदम चिरकला. तो तसा चिरकलेला मी पुन्हा कधी ऐकला नाही.

सूर्याजींनी गच्चीकडे पाहिले. हुकूम वरून आला होता आणि तो मोडणे त्यांच्या नोकरीला परवडणारे नव्हते. "बाई," ते हलकेच म्हणाले, "आत काय आहे ते दाखवल्याशिवाय साहेब सोडायचे नाहीत. कुठून उघडला तर चालेल?"

"देठापाशी. तिथं दांडीसाठी कापायचंच आहे."

सूर्याजींनी कमरेचा चाकू काढला आणि मला मांडीवर घेतले. मी भोपळा आहे हे त्यांना आता पटले होते, पण पुरते नव्हे. त्यांनी बाईंना लांब व्हायला सांगितले. बाई काही हलल्या नाहीत. तेव्हा त्यांनी आपली पाठ बाईंकडे केली, म्हणजे फुटलोच तर सगळे त्यांच्याच छातीवर आले असते. मग देठाभोवती चाकू फिरवला, भोकात बोट घातले आणि मला उलटे केले. माझ्या सगळ्या बिया घोड्याच्या पायाशी सांडल्या.

"बी आहे, सरकार!" सूर्याजी ओरडले. "बीज! निव्वळ बीज!"

कोतवालसाहेब गच्चीवरून उतरून आले. त्यांनी छडीने बिया ढवळल्या आणि म्हणाले, "मुझे तो पहले ही शक था, कि कुछ नहीं है." मग त्यांनी सगळ्यांसमोर सूर्याजींना झापले, की मराठी वाचता येत असून एवढे साधे कळू नये? विनाकारण सारे शहर घाबरवले.

मुकुंदराव सुटले. शाळेत त्यांचा दरारा असा वाढला, की मागच्या दोन रांगाही चिडीचूप बसू लागल्या. सूर्याजींची मात्र पार दैना झाली. ते रस्त्याने निघाले, की पोरे लपून ओरडत, "फूटेगा!" भाजीवाल्या त्यांना भोपळा देताना म्हणत, "संभाल के, जमादारसाब!" ते मान खाली घालून निघून जात.

मला कारागिराकडे पोहोचवले गेले. त्याने मला आणखी भिजवले, कापले, आतून खरवडले, गळ्यात दांडी बसवली आणि पोटावर तबली डकवली. हे फार दुखते, पण तारा चढल्यावर दुखणे आठवत नाही. पहिल्यांदा चारी तारा जुळून छेडल्या गेल्या आणि माझे रिकामे पोट नादाने भरून गेले, तेव्हा बिया गेल्याचे मला काहीच वाटले नाही.

पुण्यतिथीचा दिवस आला. गुरुजींच्या घरची बैठक भरली होती. गवई, सरदार मंडळी, शाळामास्तर, सगळे दाटीने बसले होते. विजयाबाई मला घेऊन बाहेर आल्या तेव्हा कोणी खाकरले, कोणी शेजाऱ्याच्या कानात बोलले. बाई माझ्या तारा जुळवत राहिल्या. इतक्यात दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ, सूर्याजी येऊन बसले. त्यांना बाईंनीच निरोप धाडला होता. त्यांना पाहताच बैठकीत खसखस पिकली. एक सरदार म्हणाले, "जमादार, आज तंबोरा फुटणार का?" आणि सगळे मोठ्याने हसले.

विजयाबाईंनी तारांवरचा हात काढला.

"हसून झालं?" त्यांनी विचारले. "मग एक सांगते. त्या दुपारी मी इंदरगंजातून पडावाकडे चालले होते. समोरून सगळं शहर पळत येत होतं. त्यात आत्ता इथं बसलेली पुष्कळ मंडळी मला भेटली. सरदार, तुम्हीही भेटलात. तुमचा एक जोडा पायात होता आणि एक हातात." सरदारांनी पाय आत ओढून घेतले. "उलट्या बाजूला चालणारा हा एकटाच माणूस होता. भोपळा आहे हे आता आपल्याला ठाऊक आहे. त्याला तेव्हा नव्हतं. तो मरायला निघाला होता, आणि तुम्ही पळायला. बॉम्ब खोटा होता. याची छाती खरी होती." मग त्या सूर्याजींकडे वळल्या. "जमादार, चपलांपाशी काय बसलात? पुढं या."

ते सरदार उठले. त्यांनी स्वतः सरकून आपल्या शेजारी जागा केली. सूर्याजी संकोचाने येऊन बसले. त्यांचे डोळे भरून आले होते.

विजयाबाई गायल्या. मित्रांनो, मी नंतर खूप गाणे ऐकले, पण तसे नाही. वरचा षड्ज त्या दिवशी एकदाही हुकला नाही. आतल्या खोलीतल्या बायका दारात आल्या, मग उंबरठ्यावर आल्या, मग बाहेरच बसल्या. खरे सांगायचे तर सूर्याजींना संथ ख्याल सुरू होताच झोप लागली. ते सरदारांच्या खांद्यावर मान टाकून घोरू लागले. त्यांचे घोरणे बरोबर माझ्या खर्जाच्या तारेत होते, म्हणून कोणी त्यांना उठवले नाही.

त्यानंतर विजयाबाई दरवर्षी गायल्या. त्यांच्याकडे मुली शिकायला येऊ लागल्या. मग घरोघर बाजाची पेटी आली. पेटीला जुळवावे लागत नाही, म्हणून लोकांना ती सोयीची वाटली, आणि मी महिनोन्‌महिने खुंटीला लटकू लागलो. माझ्या पोटात एकदा उंदरांनी संसार थाटला. एक तार गंजून तुटली, ती कोणी बदलली नाही. त्या दिवसांत माझी विचारपूस करणारे एक सूर्याजीच होते. ते संध्याकाळी चौकीवरून घरी जाताना वर येत, बाईंकडे चहा घेत आणि उपरण्याने माझ्यावरची धूळ झटकत.

अशाच एका संध्याकाळी ते आले, ते घामाघूम होऊन. अंगरख्यावर पिसे चिकटली होती.

"काय हो हे?" बाईंनी विचारले.

"टोपी बाजारात एका दुकानाच्या पायरीवर पत्र्याची पेटी सापडली, बाई. कोणाची माहीत नाही. आतून टिक, टिक, टिक. मी म्हटलं, मागे सरका. कोण सरकतंय? म्हणाले, जमादारसाब, भोपला होगा! पोरं तर पेटीला टेकून बसली. एकेकाला बखोटीला धरून उठवलं. शिव्या घातल्या, शिव्या खाल्ल्या. गल्ली मोकळी केली आणि मग मी झाकण उघडलं."

"आणि?"

"कोंबडी." सूर्याजींनी कपाळाला हात लावला. "कोणी तरी दावतीसाठी नेत होतं. ती आतून चोच मारत होती. झाकण उघडलं तशी माझ्या तोंडावर उडाली आणि बाजारभर पळाली. सगळा बाजार तिच्यामागं. हसून हसून लोकांची पोटं दुखली."

विजयाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू आवरल्यावर त्यांनी विचारले, "वाईट वाटलं का हो?"

सूर्याजींनी अंगरख्यावरचे एक पीस काढले आणि ते खिडकीतून बाहेर सोडले.

"नाही, बाई. लोक हसत हसत घरी गेले. घरी गेले ना, बस्स."

आता विजयाबाई नाहीत, सूर्याजीही नाहीत. मुकुंदरावांची सून मंदाताई मला रोज सकाळी कोपऱ्यातून उचलते आणि गायला बसते. तिने उंदरांना बाहेर घालवले, तार बदलली. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी कोपऱ्यात उभा असेल, तर त्याला उन्हात ठेवू नका, वापर झाला की तारा थोड्या उतरवा, आणि कधीतरी उगाच एकदा छेडून बघा. रिकाम्या पोटाला तेवढे पुरते. आणि कधी भर रस्त्यात एखादा माणूस घामाघूम होऊन तुम्हाला मागे सरका म्हणाला, तर आधी मागे सरका. हसायला नंतर पुष्कळ वेळ मिळतो.